पणजोबांचं घर शोधताय? आधी सातबारा बाजूला ठेवा

सुट्ट्या जवळ आल्या की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच. आमचं मूळ गाव अमुक, पणजोबांचा मोठा वाडा होता म्हणतात, ऑनलाइन सातबारा काढला पण त्यात वाड्याचा पत्ताच नाही, आता काय करू? दरवेळी तेच उत्तर टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे महाराष्ट्रातल्या गावांपुरतं आहे आणि घर शोधण्यापुरतंच आहे, मालकी हक्क, वाटण्या, कोर्ट असला काही विषय असेल तर वकील गाठा.

मूळ चूक अशी की सातबारा हा शेतजमिनीचा कागद. गावातली घरं असतात गावठाणात, म्हणजे गावाच्या वस्तीच्या जागेत, आणि गावठाणातल्या घराघराचा वेगळा सातबारा नसतो. त्यामुळे तुम्ही महिनाभर सातबारे काढत बसलात तरी वाडा त्यात येणार नाही. दुसरी चूक, लोक पहिल्याच दिवशी गाडी काढून गावात जातात. गावात जायचं असतं पण ते सहाव्या टप्प्यावर.

१. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवा

एक वही घ्या. पणजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, भावांची नावं, बायकोचं माहेरचं आणि सासरचं नाव, गाव अंदाजे कधी सोडलं आणि का सोडलं, एवढं लिहा. भावांची नावं कशाला असं लोक विचारतात. घर बऱ्याचदा थोरल्या भावाच्या किंवा मागे गावात राहिलेल्या चुलत्याच्या नावावर लागलेलं असतं, तुमच्या पणजोबांचं नाव त्या कागदावर कधी आलेलंच नसतं.

गाव का सोडलं हा प्रश्न फार कामाचा आहे. मुंबईला गिरणीत गेले, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत बाहेर पडले, ७२ च्या दुष्काळात निघाले, धरणात गाव गेलं, यातल्या प्रत्येकाचा माग वेगळ्या कागदात लागतो.

आणि "घर कुठे होतं" असं विचारू नका. उत्तर येतं "गावात, मधोमध". असं विचारा: दारात उभं राहिलं की समोर काय दिसायचं? पाणी कुठून आणायचे, जाताना चढ होता की उतार? देवळातली घंटा घरात ऐकू यायची का? शेजारी कोण, त्यांचा धंदा काय? माझ्या आत्याला घराचा नंबर, आळी काहीच सांगता येईना, पण ती म्हणाली की आडावर जाताना मारुती डाव्या हाताला लागायचा आणि घागर भरून येताना दम लागायचा. म्हणजे आड खाली, घर वर, आणि मारुती मधे. एवढ्यावर शेवटी जागा धरता आली, सगळे कागद त्यामानाने नंतर उपयोगाला आले.

घरातली ट्रंक, देव्हाऱ्याखालचा कप्पा, जुन्या फायली पण बघा. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं पोस्टकार्ड, मनीऑर्डरची पावती, जुनी मतदार यादी, खरेदीखत. पोस्टकार्डावर पोस्ट आणि तालुका लिहिलेला असतो, तो तसाच उतरवून घ्या, आपल्या मनाने "सुधारून" लिहू नका.

> लक्षात ठेवा: जे ऐकलं ते आणि जे कागदावर दिसलं ते वहीत वेगवेगळ्या बाजूला लिहा. दोन महिन्यांनी कोणतं कुठून आलं हे आठवत नाही.

२. गाव पक्कं करा, आडनावावर जाऊ नका

आडनाव अमुककर म्हणजे घर अमुक गावात, हे निम्म्या वेळा चुकतं. ते "कर" पाचसात पिढ्यांपूर्वीच्या गावाचं असू शकतं आणि पणजोबा भलत्याच ठिकाणी राहत असतील. शिवाय पिंपळगाव, वडगाव, निमगाव नावाची गावं किती आहेत ते मोजायला बसू नका. बुद्रुक आणि खुर्द ही तर वेगवेगळी गावं, मी स्वतः एका उन्हाळ्यात बुद्रुकच्या चकरा मारल्या आणि घर निघालं खुर्दमधे, नदीच्या पलीकडे. घरात कोणी कधी खुर्द-बुद्रुक म्हणतच नव्हतं ना!

मग गाव पक्कं कसं करायचं? ग्रामदैवत कोणतं, जत्रा कधी, बाजाराला कोणत्या गावी जायचे, नदी कोणती, हे आत्याकाकांकडून काढा आणि त्या नावाच्या प्रत्येक गावाशी ताडून बघा. बाजाराचं गाव सगळ्यात भरवशाचं, बाजार फार लांबचा कोणी करत नाही.

जिल्हे बदललेत हे विसरू नका. पोस्टकार्डावर कुलाबा असेल तर तो आताचा रायगड. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादमधून १९८१ साली निघाला, लातूर उस्मानाबादमधून १९८२ ला, गडचिरोली चंद्रपूरमधून त्याच वर्षी, नंदुरबार धुळ्यातून १९९८ ला, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ ला आणि पालघर ठाण्यातून २०१४ ला. म्हणजे पालघरमधल्या गावाचं जुनं दप्तर ठाण्याला असण्याची शक्यता धरून चाला. तालुक्यांचं पण तसंच, ते तर आणखी जास्त वेळा बदललेत.

अजून दोन जागा सांगतो ज्या लोक विसरतात. एक, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण इथले तीर्थोपाध्याय. त्यांच्या वह्यांमधे यात्रेला किंवा श्राद्धाला आलेल्या माणसाचं नाव, गाव, भाऊ, मुलं, कधीकधी त्या माणसाची सही पण असते. तिथे जाऊन नुसतं आडनाव सांगितलं तर काही मिळत नाही, त्यांच्या वह्या गावावर आणि ज्ञातीवर लावलेल्या असतात, म्हणून दोनतीन संभाव्य गावं आणि किमान दोन पिढ्यांची नावं घेऊन जा. दुसरे, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात हेळवी येतात, त्यांच्याकडे घराण्यांच्या वंशावळी असतात. तुमच्या भावकीतलं कोणी अजून गावाकडे असेल तर हेळवी कधी येतो ते त्याला विचारा.

> तपासा: तालुका, जिल्हा आणि खुर्द/बुद्रुक यासकट गावाचं नाव दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळालं का? एकाच काकांनी दोनदा सांगितलं तर ते एकच धरा.

३. नाव कागदावर कसं दिसेल ते शिकून घ्या

ही पायरी सगळे गाळतात आणि मग समोर नोंद असून दिसत नाही. जुन्या कागदात आडनाव बऱ्याचदा नसतं. "सखाराम बिन बाळाजी" म्हणजे बाळाजीचा मुलगा सखाराम, "वल्द" असेल तरी तेच. बाईच्या नावापुढे "कोम" किंवा "भ्रतार" आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता, तिथे मुलगा लहान होता म्हणून आईचं किंवा चुलत्याचं नाव लागलंय. "ए.कु.मॅ." किंवा "ए.कु.पु." दिसलं की तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, पुढारी. एकट्याच्या नावावर आहे म्हणून बाकीचे भाऊ नव्हते असा अर्थ होत नाही. नाव कंसात असेल तर ते नंतर कमी झालेलं नाव.

सालाचा पण घोळ होतो. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते गुढीपाडव्यातलं असेल तर ७९. मराठवाड्यातल्या निजामाच्या काळच्या कागदावर फसली सन असतो, त्यात साधारण ५९० मिळवायचे. म्हणजे फसली १३४० म्हणजे १९३० च्या आसपासचा कागद. तिथले जुने कागद उर्दूत असतात आणि इतर भागातले जुने कागद मोडीत. मोडी वाचणारे पैसे घेऊन वाचून देतात, पण सगळं बाड त्यांच्यापुढे ठेवू नका, आधी स्वतः साल आणि गाव ओळखायला शिका आणि कामाची पानंच द्या.

४. माणूस त्या गावात होता हे सिद्ध करा

आता कुठे सातबारा हातात घ्या. घर शोधायला नाही, माणूस शोधायला. पणजोबांची तिथे जमीन असेल तर जुन्या सातबाऱ्यावर नावाजवळ गोल केलेला आकडा असतो, तो फेरफार नंबर. फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव किंवा हक्क बदलल्याची नोंद. तो फेरफार काढा, त्यात मागच्या फेरफाराचा माग मिळतो, मग तो काढा. असं उलटं उलटं जायचं. वारस फेरफार सापडला तर सोनंच, कारण मयत कधी झाला आणि वारस कोण कोण हे त्यात ओळीने लिहिलेलं असतं. "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार मिळतात, तिथे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे गट नंबर घेऊन जुने कागद मागणे. एकत्रीकरण योजना जिथे झाली तिथे जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. गट नंबर १२० म्हणजे जुना सर्व्हे नंबर १२० नव्हे! आधी जुना-नवा नंबर दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. कोकणात बऱ्याच ठिकाणी अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात. जमिनीच्या जुन्या नोंदींसाठी मराठवाड्यात १९५४ चं खासरा पत्रक मागा, विदर्भात १९५४-५५ चं अधिकार अभिलेख.

आणि १९५७ च्या आसपास नाव एकदम गायब झालं तर घाबरू नका. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या तारखेपासून मराठवाडा-विदर्भ सोडून बाकी भागात कुळकायद्याने कसणारं कूळ मालक झालं. जमीन गेली तरी गावठाणातलं घर बऱ्याच कुटुंबांकडे पुढे कितीतरी वर्षं राहिलं.

जमीनच नव्हती तर? मग गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूच्या नोंदी. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हे नाव घरोघरी पोचलं आणि बऱ्याच जिल्ह्यांनी ती पुस्तकं स्कॅन करून ठेवली. दुसरं, गावच्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा तिथे पहिलीत बसले असतील तर नाव, जन्मगाव, शाळा कधी सोडली सगळं असतं. हेडमास्तरांना आधी फोन करा, परीक्षेच्या दिवसात जाऊ नका.

> थांबा: नाव, वडिलांचं नाव आणि गाव हे तीनही एका कागदावर जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका. एकाच गावात एकाच आडनावाचे चार सखाराम असतात.

५. आता घराचा कागद

गावठाणातल्या घरासाठी पहिला कागद ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीचं रजिस्टर. लोक आजचा उतारा मागतात, त्यावर आजच्या माणसाचं नाव असतं, आणि "आमचं नावच नाही" म्हणत परत येतात. अहो, जुनं रजिस्टर मागा. आकारणी ठराविक वर्षांनी नव्याने होते, प्रत्येक वेळचं वेगळं रजिस्टर. जितकं जुनं मिळेल तितकं, आणि तिथून एकेक रजिस्टर पुढे पुढे आजपर्यंत या.

घर नंबरावर मात्र विसंबू नका. फेरआकारणीत नंबर बदलतात. माझ्या हातात जुन्या पावतीवरचा घर नंबर ४७ होता, मी गावात जाऊन आजच्या ४७ समोर फोटो काढून घरी ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी हार घातलेल्या इमोज्या पाठवल्या, आणि ते घर १९९० नंतर बांधलेलं निघालं. भलत्याच आळीतलं. तेव्हापासून मी नंबर बघत नाही, शेजारी बघतो. हे रजिस्टर बहुतेक वेळा गल्लीतून चालत चालत घरं मांडत लिहिलेलं असतं, म्हणून तुमच्या नोंदीच्या वरची दोन आणि खालची दोन नावं उतरवून घ्या. पुढच्या रजिस्टरमधे नंबर बदलला तरी त्या चारपाच नावांचा घोळका सोबतच सरकलेला दिसतो. मधलं नाव बदललं असेल तर तिथे घर विकलं गेलं किंवा भाऊबंदाच्या नावावर झालं.

नमुना ८ मधे मालक आणि भोगवटादार हे दोन वेगळे रकाने असतात. दोन्ही वाचा. पुष्कळदा मालक म्हणून मुंबईला गेलेला भाऊ आणि भोगवटादार म्हणून राहणारा भाडेकरू किंवा पाहुणा असतो, आणि वीसेक वर्षांनी मालकाचं नाव गळून जातं. हा कराचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही, पण आपल्याला इथे मालकी नकोच आहे, जागा पाहिजे.

गाव मोठं असेल किंवा शहर असेल तर सिटी सर्व्हे झालेला असतो, मग मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. ते काढाच, पण त्याच्यापेक्षा चौकशी नोंदवही मागा. सर्व्हे झाला त्या वेळी या जागेवर कोण होतं आणि ती त्याच्याकडे कशी आली, हे त्यात लिहिलेलं असतं. ही वही भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात, काही शहरांत नगर भूमापन कार्यालयात. मुंबई बेटावर सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर विचारलात तर गोंधळ होईल, तिकडे सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर चालतो.

२०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून नवी कार्डं दिली जातायत. नकाशासाठी ती झकास. इतिहासासाठी शून्य, कारण त्यात आज राहणाऱ्याचंच नाव सुरुवातीपासून.

कोकणात जरा वेगळं आहे. घरं वाड्यांमधे विखुरलेली, बरीच घरं खाजगी सर्व्हे नंबरातच उभी, त्यामुळे तिथे सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात घराची नोंद मिळू शकते. कोकणवाल्यांनी वरचा "सातबारा बाजूला ठेवा" हा सल्ला अर्धाच घ्यावा.

आणि माझा सगळ्यात लाडका कागद, खरेदीखत किंवा गहाणखत. कारण त्यात चतुःसीमा असते: पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस सुताराचं परडं, दक्षिणेस सामाईक बोळ, उत्तरेस देवळाची भिंत. घर किती खणी, ओटा, पडवी, आड, सगळं लिहिलेलं. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची पुस्तकावरून शोध घ्यायचा अर्ज करता येतो, ऑनलाइन शोध फक्त अलीकडच्या वर्षांपुरता. तुमचा दस्त सापडत नाही? शेजाऱ्याचा शोधा. त्याने घर विकलं असेल तर त्याच्या चतुःसीमेत तुमच्या पणजोबांचं नाव येणारच, फक्त दिशा उलटी धरायची. त्याच्या पूर्वेस तुमचं घर म्हणजे तुमच्या पश्चिमेस तो.

> सावधान: माहिती अधिकारात "आमच्या पणजोबांचे घर कोठे होते ते कळवावे" असा अर्ज करू नका, "माहिती उपलब्ध नाही" असंच उत्तर येणार. कागदाचं नाव, गाव, वर्षं लिहा आणि आधी पाहणी मागा, नक्कल नंतर.

६. आता गावात जा

जाताना फाइल कमी, माणसं पण कमी. सहा जण दोन गाड्यांतून उतरले आणि हातात प्लास्टिकच्या फोल्डरमधे कागद, की गावात पाच मिनिटांत बातमी पसरते की जागेवर हक्क सांगायला आलेत. मग कोणी तोंड उघडत नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं. आधी ग्रामपंचायतीत जाऊन कशासाठी आलोय ते सरळ सांगा, तलाठ्यांना भेटा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात सगळे तलाठी भाऊसाहेबच म्हणतात), मग देवळाच्या पारावर जा. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी, दुपारी म्हातारी माणसं झोपलेली असतात.

पारावर नाव विचारण्याआधी शेजाऱ्यांची नावं विचारा. तुमचं कुटुंब साठ वर्षांपूर्वी गेलं, त्यांना आठवणार नाही, पण सुताराचं परडं कुठे होतं ते आठवतं, सुताराचे नातू अजून तिथेच असतात. "काका, सुतारांच्या पूर्वेला पूर्वी कोण राहायचं?" असं विचारलं की गाडी सुरू होते. आणि म्हाताऱ्या बायकांना विचारा, पुरुष वाटण्या सांगतात, बायका पाणवठा आणि बोळ सांगतात. आपल्याला बोळ पाहिजे.

जागेवर काय बघायचं? भिंती टिकत नाहीत, जोतं टिकतं. दगडी जोत्याची रेघ, आड, उखळाचा खड्डा असलेला दगड, भिंतीतली देवळी. पायाखालची माती पण बघा, वसलेली जागा ती पांढरी, शेतं ती काळी, आणि बरीच गावं मूळ पांढरीवरून रस्त्याकडे सरकलेली असतात. "जुनं गावठाण कुठे?" हा प्रश्न विचाराच. विदर्भात नकाशावर गावाच्या नावापुढे "रिठी" दिसलं तर ते ओस पडलेलं गाव, मराठवाड्यात त्यालाच "बेचिराख" म्हणतात.

त्या जागी आज दुसरं कोणी राहत असेल तर दारात उभं राहून आधी बोला, परवानगीशिवाय फोटो नको, आणि "हे आमचं घर होतं" हे वाक्य पहिल्या भेटीत तोंडातून काढू नका.

७. गाव जागेवरच नसेल तर

कोयना, जायकवाडी, उजनी अशा धरणांत गावं गेली. तिथे ग्रामपंचायतीचं रजिस्टर शोधत फिरण्यापेक्षा भूसंपादनाचा निवाडा मागा. नुकसानभरपाई ठरवण्यासाठी घरांचं मूल्यांकन केलेलं असतं, कोणाचं घर, कसलं बांधकाम, किती मोठं, म्हणून गाव गेलेल्या लोकांचे कागद कधीकधी गाव शाबूत असलेल्यांपेक्षा चांगले निघतात. हे निवाडे भूसंपादन शाखेत किंवा जिल्हा पुनर्वसन कार्यालयात. पुनर्वसित गावातही जा, तिथे जुन्या आळ्या तशाच शेजारीशेजारी बसवलेल्या दिसू शकतात. लातूर-उस्मानाबाद भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हललेल्या गावांनाही हेच लागू.

पाण्याखालची जागा धरायची तर जुना एक इंच-एक मैल मापाचा टोपोशीट, म्हणजे टेकड्या, नद्या, गावं दाखवणारा सरकारी नकाशा घ्या आणि आजच्या सॅटेलाइट नकाशावर दोन न बदललेल्या खुणा, टेकडीचा माथा वगैरे, जुळवा. उजनीचं पाणी कडक उन्हाळ्यात खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. तुमच्याही गावाचं असं काही उघडं पडत असेल तर जायची वेळ तीच, मे संपायच्या आत, पहिल्या पावसाची वाट बघू नका.

८. सापडलं म्हणायच्या आधी

तीन गोष्टी जुळायला हव्यात: घरातली आठवण, एक कागद, आणि जागेवरची खूण. दोनच जुळत असतील तर वहीत "बहुतेक" असं लिहा आणि ग्रुपवर टाकू नका (माझ्या ४७ नंबरची आठवण ठेवा). तिन्ही जुळल्या तर तिथे उभं राहून मोबाइलवर लोकेशन सेव्ह करा, चारही दिशांना एकेक फोटो घ्या, आणि आजची चतुःसीमा स्वतःच्या हाताने लिहा, पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, आजच्या नावांनी. खाली तारीख घाला आणि ज्यांनी जागा दाखवली त्यांचं नाव लिहा, मात्र ते त्यांना विचारून.